आषाढातली मासळी

भाटघर धरणाच्या पाण्यात मासे धरणारा एक भोई मला शाळेत शिकवायला जाताना रोज दिसायचा. आषाढ लागला की तो जाळं आढ्याला टांगून रिकाम्या हातांनी काठावर बसायचा.

एका आषाढात शाळा तपासायला साहेब आले. त्यांना जेवायला मासे हवे होते आणि मला हवी असलेली भोरची बदली त्यांच्या हाती होती. मी भोयाला फार आग्रह केला. आढ्याचं जाळं काढून तो पाण्यात उतरला. अंड्यांनी पोट फुगलेली मासळी माझ्या हातात देत म्हणाला, "मास्तर, पोटुशीला आमी धरत न्हाई. माजी पोरगी तुमच्या शाळंत हाय, म्हून धरली."

मग तो वाळूनं हात घासत राहिला.

माझी भोरला बदली झाली. निघताना मी काठाची वाट टाळली.