मामाजींचा ब्रेकर

माझ्या मामासासऱ्यांइतकी सावकाश गाडी चालवणारा माणूस उभ्या वर्धा जिल्ह्यात सापडायचा नाही. हे ऐकून आर्वीची जुनी माणसं पोट धरून हसतील, कारण मामाजी काळीपिवळी जीप चालवत तेव्हा त्यांनी एकाही गतिरोधकाला भीक घातली नव्हती. मागे बसलेल्यांची डोकी टपाला लागत आणि मामाजी तंबाखू मळत पुढचं गाव गाठत.

पण मला दिवस गेले आणि या माणसात देव संचारला. तीन महिने होईस्तोवर कोणाला सांगायचं नाही, असा आमच्या घरचा रिवाज. सासूबाईंनी तो मोडला तो फक्त भावापुरता, कारण देवळीहून वर्ध्याला तपासणीला जायचं तर जीप त्याचीच. झालं! प्रत्येक ब्रेकरपाशी मामाजी जीप थांबवत, मला खाली उतरवत, रिकामी जीप पलीकडे नेत आणि दार उघडून उभे राहत. मला आधीच सकाळपासून मळमळ, डोळ्यांवर सदा झापड. त्यात ही चढउतार. कोणी विचारलंच तर मामाजी जीपच्या स्प्रिंगचे पाटे कमजोर झालेत म्हणून सांगत. रस्त्यावरच्या भजीवाल्याला तर मी पुढे जाईपर्यंत कढई उतरवून ठेवायला लावली, कारण मला तेलाचा वास सोसत नव्हता. एवढ्यावर गुपित कसलं राहतंय! शेतात कापूस वेचणाऱ्या बायाही आमच्याकडे बघून गालात हसायच्या.

एकदा वर्ध्याच्या अलीकडे नवा ब्रेकर झाला होता. त्याला पट्टे मारलेले नव्हते, मामाजींना तो दिसला नाही आणि जीप आदळली. मला काहीच झालं नाही, पण मामाजी बराच वेळ स्टेअरिंग धरून बसून राहिले.

पुढच्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके लागले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मला, नवऱ्याला आणि कोपऱ्यात उभ्या मामाजींना शांतपणे समजावलं. सुरुवातीच्या महिन्यांत असं पुष्कळदा होतं, गर्भाची वाढच मुळात नीट झालेली नसते, धक्क्याने किंवा जिना चढल्याने हे होत नाही. मामाजी मान हलवत राहिले. बाहेर आल्यावर मात्र हळूच म्हणाले, "सूनबाई, तो ब्रेकर मले दिसला असता तं?"

मी म्हटलं, "मामाजी, डॉक्टर काय म्हणाल्या, ऐकलं ना?"

"त्या गाडीत कुठी होत्या, पोरी?"

आम्ही दोघं नवराबायको खूप रडलो. हळूहळू सावरलोही. मामाजींना मात्र ते जमलं नाही, आणि ते ओझं त्यांच्या डोक्यावरून कसं उतरवावं हे मला आजही कळत नाही. अजून मला पुन्हा दिवस गेलेले नाहीत. तरी वर्ध्याच्या बाजाराला मामाजींसोबत निघाले की त्या ब्रेकरपाशी जीप थांबते. सुरुवातीला मी म्हणायची, आता कशाला, मामाजी? हल्ली गुपचूप उतरते, पदर सावरत ब्रेकर ओलांडते आणि पलीकडे थांबते. मामाजी रिकामी जीप अगदी हळू, एकेक चाक जपत माझ्यापर्यंत आणतात.