गिरजामायचा अंगठा

गिरजामाय मानेला हात लावण्याआधी माणसाला अंगणात एक फेरी मारायला लावायची आणि स्वतः मागून त्याची हुबेहूब नक्कल करत चालायची. सालेकशाजवळच्या त्या गावात मी मास्तर म्हणून रुजू झालो आणि तिसऱ्याच आठवड्यात मान अशी धरली, की फळ्याकडे बघायचं तर सगळाच्या सगळा मास्तर वळवावा लागे. मीही फेरी मारली. मागे वाकडी मान करून साठीची बाई आणि कुंपणापाशी खिदळणाऱ्या बाया!

"मास्तर, खांदे कानाले लावून चालून राहिला तू. कोनाचा भेव आहे तुले?"

साऱ्या गावात मला 'तू' म्हणणारी ती एकटी.

गवताचे, लाकडांचे भारे डोक्यावर वाहून आखडलेल्या माना तिच्याकडे येत. मोहाच्या बियांचं तेल कोमट करून ती मानेच्या मुळाशी अंगठा ठेवायची आणि नुसती थांबायची. माणसाचा श्वास सुटला, की अंगठा आत, थेट गाठीपर्यंत. मग तिथून केसभर केसभर खांद्याकडे. मी बरा झालो आणि हट्टाने तिच्याकडे शिकायला बसलो.

"मानेले घाई नाही चालत," ती बजावायची. "सैल झाली का मंग आत जाय. अन् कट्टकन आवाज काढशीन तं माह्या अंगनात पाय ठेवू नोको."

पण माझ्यासारख्या नाटक्याला बिनआवाजाची कला कशी पचावी? दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा होती, घरोघर पाहुणे. माय आत चुलीपाशी. शेजारच्या सुमनबाई मान चोळत आल्या. अंगणात पंधरावीस माणसं बघून मी बाह्या सरसावल्या, दोन विनोद केले, सुमनबाईंची हनुवटी धरली आणि कट्ट! टाळ्या पडल्या. मी चक्क वाकून नमस्कार केला. गोष्ट इथपर्यंतच मी चारचौघांत सांगतो. लोक पोट धरून हसतात.

पुढचं सांगत नाही. माय दारात उभी होती, हात पिठाचे. "हे कोनी शिकवलं तुले?" एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सुमनबाईंचा उजवा हात बधिर झाला. धान कापणीला आलेलं आणि मुठीत विळा ठरेना. त्यांचा नवरा तणतणत आला, "मास्तर, काय करून ठेवलं हे?"

माझं तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "त्याले कायले बोलतस? मीच सांगतलं तसं त्यानं केलं."

तो गेल्यावर माझ्याकडे वळली. "तुले शाळेत उभं राहाचं आहे. पोरं हासतीन. मी म्हातारी, मले काय होते?"

झालं असं, की तिच्या अंगणात कुणी येईना. ती मात्र रोज सकाळी सुमनबाईंच्या बांधीत जाऊन त्यांच्या वाट्याचं धान कापायची. मी रविवारी जायचो. फाल्गुनात सुमनबाईंचा हात सुधारला. मायचं नाव नाही सुधारलं.

दोन वर्षांनी ती गेली. घाटावरून परतताना सुमनबाईंचा नवरा म्हणाला, "बुढीच्या हाताले गुन होता. माह्या बायकोच्या टायमाले तेवढी चुकली, नाही का मास्तर?"

सगळे थांबले. तिचा शिष्य मी एकटाच. आता मला अडवायला तीही नव्हती.

मी म्हणालो, "हो ना. वय झालं होतं तिचं."