शंभूदादांचा सत्कार

पुण्यात एखाद्याला बाजूला सारायचं असेल तर त्याचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, दोन शब्द, आणि मग त्या माणसाने गुपचूप घरी बसायचं. आमच्या ढोल-ताशा पथकाने शंभूदादांचा असाच काटा काढायचं ठरवलं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

शंभूदादा आमचे ताशावादक. दोन्ही पाय लहानपणी पोलिओत गेले. बुधवार पेठेत जिन्याखालच्या एका गाळ्यात ते मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात, आणि गिऱ्हाईकाने घाई केली की "मग नवीन घ्या" म्हणून वस्तू तशीच परत देतात. तरुणपणी त्यांना एकाही पथकाने घेतलं नव्हतं. मिरवणूक चालत जाणार, मग हे कसे येणार, असा सगळ्यांचा प्रश्न. नदीपात्रात पथकाचा सराव चालायचा तिथे शेजारी दादांनी व्हीलचेअर लावली, मांडीवर ताशा घेतला आणि रोज वाजवत बसले. आता ढोलाचं असं असतं की ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचा सलग कडकडाट, घुमल्याशिवाय त्यावर टिपरू पडत नाही. ताशा बोलावतो, ढोल येतात. हळूहळू पथकातले ढोल स्वतःचा ताशा सोडून दादांच्या मागे जायला लागले. शेवटी पथकाला त्यांना आत घ्यावंच लागलं. ही गोष्ट दादा स्वतः सांगतात, आणि सांगताना विनय वगैरे अजिबात दाखवत नाहीत.

मी मूळची यवतमाळची, आयटीत नोकरी, राहायला वाघोलीला. पहिल्या सरावाला कमरेला ढोल बांधून तासभर उभी राहिले आणि कुरकुरले, "दादा, पाय दुखायला लागले."

"आण इकडे, बदलून घेऊ," ते म्हणाले.

त्या दिवसापासून हा माणूस माझा हिरो आहे. हिरो गोड बोलणारा असावा असं कोणी सांगितलंय?

यंदा पथकप्रमुख झाला सार्थक. त्याला मिरवणुकीचा ड्रोनवरून व्हिडिओ हवा होता, आणि ड्रोनमधून म्हणे खुर्चीमुळे रांग तुटलेली दिसते. "तनुजा, आपण दादांना रिस्पेक्ट देऊ ना," तो मला म्हणाला. "गणपतीच्या आगमनाच्या मिरवणुकीआधी स्टेजवर सत्कार. 'जिद्दीला सलाम' असा बॅनर केलाय. मग दादा निवांत बसतील."

"दादांना विचारलंस?"

"सरप्राइज आहे गं."

मी त्याच संध्याकाळी गाळ्यावर जाऊन दादांना सगळं सांगितलं. नाही म्हणा, म्हटलं. दादांनी हातातला सर्किट-बोर्ड खालीसुद्धा ठेवला नाही. "नाही म्हटलं की म्हणतील, बिचारा चिडला. मी ताशा घेऊन येणार आणि वाजवणार. त्यांना काय ठरवायचंय ते ठरवू देत."

आगमनाच्या सकाळी कसब्यात स्टेज उभं होतं. त्याला खड्या लाकडी पायऱ्या. ज्याचा सत्कार करायचा तो खुर्चीवर येतो, एवढंसुद्धा कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पथकातल्या सहा जणांनी "उचला रे" म्हणत दादांना खुर्चीसकट वर नेलं. "हात लावण्याआधी विचारायचं असतं," दादा म्हणत होते. ऐकतो कोण? पाहुणे बोलले. "दिव्यांग असूनही" हे शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरले की मला स्टेजवर चप्पल भिरकावावीशी वाटली. शाल झाली, नारळ झाला. मग माईक दादांच्या हातात आला.

"मला वर आणायला सहा जण लागले," दादा म्हणाले. "रस्त्यावरून ढकलायला एक पुरतो."

लोक हसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

तेवढ्यात शिट्टी झाली. ते सहाही जण ढोल बांधायला पळाले, रांगा लागल्या, दुसऱ्या कोणाचा तरी ताशा वाजला आणि मिरवणूक निघाली. वळणावर मी मागे पाहिलं. दादा अजून स्टेजवरच होते. मांडीवर नारळ, आणि मांडववाले त्यांच्या खुर्चीभोवतीचा गालिचा गुंडाळत होते. पथक त्यांना खाली उतरवायलाच विसरलं होतं. मुद्दाम केलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. मुद्दाम करायला निदान माणूस लक्षात ठेवावा लागतो.

मी ढोल सोडला, कडेने दोरी धरून चालणाऱ्या ऋतुजाकडे दिला आणि मागे पळाले.

"रांग सोडून आलीस?" दादा कडाडले.

"हो."

"पथकात हे चालत नाही."

"माहितीय."

"मग आता आलीच आहेस तर नुसती उभी काय राहतेस?"

"दादा, खुर्चीला हात लावू?"

"लाव."

मांडववाल्यांच्या मदतीने त्यांना खाली घेतलं. पुढच्या चौकात मिरवणूक नेहमीप्रमाणे तुंबली होती. गर्दीतून आम्ही पुढे घुसलो. "सरका" एवढा एकच शब्द दादा वाटभर वापरत होते. आम्हाला बघून सार्थक धावत आला.

"दादा, तुम्ही कशाला त्रास घेतलात? आजचा दिवस तुमचा आहे."

दादांनी त्याला खाली वाकायची खूण केली. आशीर्वाद मिळणार असं वाटून तो वाकला. एक डोळा वरच्या ड्रोनवर होताच. दादांनी अंगावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली आणि नारळ त्याच्या हातात ठेवला.

"झाला तुझा सत्कार. आता बाजूला हो."

कोणी हसलं नाही. सार्थक नारळ धरून उभा राहिला, मग खरंच एक पाऊल कडेला सरला. दादांनी खुर्चीच्या पाठीला अडकवलेला ताशा मांडीवर घेतला आणि तर्री सोडली. मागचे सगळे ढोल एकदम दणाणले. प्रमुखाकडे बघायचंही कोणाला सुचलं नाही.

मी खुर्ची ढकलत होते आणि रडत होते. कौतुकाने नव्हे. असल्या वादकाला स्वतःच्याच रांगेत शिरायला एवढी मारामारी करावी लागते, याचा तो संताप होता. समोरचं धड दिसत नव्हतं, खुर्ची खड्ड्याखड्ड्यातून आदळत होती. दादांनी मागे न बघताच आवाज चढवला.

"नीट ढकल. हात हलतोय माझा."