मानेचं ऑपरेशन आणि कंबरेला शिक्षा

मैत्रिणींनो, माझ्या मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं की कंबरदुखीही थांबेल, असं मीच ठरवून बसले होते. उलट ती वाढली. म्हणून आज सकाळी डॉक्टरांकडे गेले.

"खाली बसून काय करता?"

"रोजची पूजा. देव्हारा जमिनीलगत आहे."

"मान आता पूर्वीसारखी वाकत नाही, म्हणून सगळं कंबरेतून वाकता. तिथले मणके आधीच झिजलेत. हे थांबवा, नाहीतर कंबरेचंही ऑपरेशन करावं लागेल."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "अगं, देव्हारा भिंतीवर लावू. देव काही तक्रार करणार नाहीत."

संध्याकाळपर्यंत ह्यांनी देव्हारा भिंतीवर बसवला आणि मी दिवा उभ्यानेच लावला. डोकं टेकवलं नाही, त्यामुळे नमस्कार पोचल्यासारखा वाटेना. तुमच्यापैकी कुणाचं खाली वाकणं कायमचं बंद झालंय का? मन कसं समजावलंत?