धागेवाल्या बाई

धागेवाल्या बाईंच्या खोलीत वाकून शिरावं लागे. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. एका भिंतीवर शोधनिबंधांची नावं, समोरच्या भिंतीवर पेटंटांची, आणि ज्या पेटंटानं ज्या निबंधाचा संदर्भ दिला, त्या दोघांमध्ये आरमोरीच्या कोसा रेशमाचा एक धागा. विज्ञानापासून तंत्रापर्यंत किती वाटा जातात, हे मोजायचं बाईंचं हे माप. ऐंशीच्या दशकात आम्ही बाकीचे प्राध्यापक बदल्या-बढत्यांच्या गप्पा मारत असू, तेव्हा बाई नागपूरहून मागवलेल्या पेटंटांच्या झेरॉक्स प्रती वाचत बसत.

दुपारी पंखा लावला की सगळे धागे एकदम हलत. उन्हात ते सोनेरी दिसत, खिडकीतून मोहाचा वास येई, आणि आपल्याला तास घ्यायचा आहे हे मी पार विसरून जाई.

"या सर, पन डोकं सांभाळा. मागच्या खेपेले तुमी धाग्यासंगं एक औषधच तोडलं," बाई म्हणत.

धागा बांधायच्या बाबतीत मात्र फार कडक. एकदा मी म्हटलं, विषय एकच दिसतोय, टाका बांधून. "काऊन? सारखं दिसते म्हनून नातं जोडता का? पेटंटानं निबंधाचं नाव घेतलं पायजे," त्या म्हणाल्या.

एकच निबंध बिनधाग्याचा होता, त्यांचा स्वतःचा. धागा सुटावा म्हणून कोसा उकळताना सोडा कमी कसा लागेल, यावर तरुणपणी लिहिलेला. पुढचं संशोधन राहूनच गेलं. नवी प्रत आली की बाई आधी संदर्भ चाळत, मग माझ्याकडे बघून उगाच हसत. ते हसू मला बघवत नसे.

निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या निबंधाचं नाव आलं. रेशमाच्या एका परदेशी पेटंटात! मी पेढे आणायला निघालो, तर बाईंनी थांबवून मजकूर वाचून दाखवला. या रीतीनं रेशीम कमजोर होतं, म्हणून आम्ही दुसरी रीत शोधली, असं त्यात होतं. मी भडकलोच. म्हटलं, "बाई, हा बांधू नका."

बाईंनी कोशाचा नवा धागा उचलला.

"माहं चुकलं, हे त्याले वाचूनच समजलं ना, सर? मंग वाट इथूनच गेली. धरा स्टूल."

मी स्टूल धरलं. गाठ मारताना त्यांच्या चेहऱ्यावर लेकीचं लग्न लागताना असावा तसा आनंद होता.

बाई जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या लेखातली चूक कुणी दाखवली की आधी मी चिडतो. मग वाटतं, बाई असत्या तर त्यांनी स्टूल मागितलं असतं.