डोहात सोडलेलं पुण्य

भडगावला गिरणेच्या पुलाजवळ माझं गळ-दोऱ्याचं दुकान आहे. गळाला लावायची गांडुळंही विकतो, ओल्या गोणपाटात ठेवून. एकदा हौशी गिऱ्हाइकांनी परदेशी, बोटाएवढी जाड गांडुळं मागितली. मुंबईच्या एजंटाला फोन केला, तर त्याने परवाना, तपासणी, रोग नसल्याचा दाखला असं काय काय सांगितलं की मी कानाला खडाच लावला. बाहेरचा जीव इथल्या पाण्यात जाऊ नये म्हणून नियम, पटलाही मला.

आणि पुढच्याच बाजाराला एक जण पिकअपमध्ये निळी पिंपं भरून गळाला लावायला थाई मांगूर माशाची जिवंत पिल्लं घेऊन हजर! हाही मासा बाहेरचाच, पाळायलाही बंदी असलेला. पण तो चोरवाटेने कधीच आत आलाय, शेजारच्या राज्यात तळ्यांत वाढतोय. मग आयातीचा नियम त्याला कशाला विचारतो? पिल्लू गळावर कितीतरी वेळ वळवळतं, मरळीसारखा मोठा मासा झडप घालतो. माझी गांडुळं पडून राहिली. राग आलाच, खोटं कशाला बोलू?

पण खरा संताप आला तो आमच्याच लोकांचा. उरलेलं जिवंत आमिष इथे कोणी मारत नाही, हात जोडून पुलाखालच्या डोहात सोडतात. गांडूळ सोडलं तर मासे खातात, बिघडत काही नाही. मांगूर वाढतो आणि समोर येईल ते गिळतो. एकाच्या अंगावर मी ओरडलो, तर म्हणतो, "पाप कसाले लेवानं, भाऊ? जीव शे, सोडी दिधा." सकाळपासून गळाला जीव टोचत बसलेला हा धर्मात्मा!

त्याच डोहावर एका अक्काचं पोट आहे. मरळ, शिंगाडा असले इथले मासे आणि झिंगे विकून तिने घर चालवलं. यंदा तिने जाळं माझ्या दुकानापुढे आणून ओतलं. नुसते काळे, मिशाळ मांगूर.

"बठ्ठा मांगूरच शेतस, भाऊ. मना मासा कोठे गयात?"

तेच पाटीत भरून ती बाजारात बसली. मत्स्य खात्याचे साहेब आले. "हा मासा विकायला बंदी आहे, बाई," म्हणाले, आणि तिची पाटी खड्ड्यात रिकामी करून वर माती लोटली. मी पलीकडची निळी पिंपं दाखवली.

"ते आमिष आहे. आम्ही खायचा मासा बघतो."

अक्का खड्ड्याकडे बघत मला विचारत होती, "आते मी जाळं टाकू का नको, भाऊ?"