साताने गुणल्यावर

आमच्या आंबागडात केवळरामजींच्या संशयातून कोणी सुटलेलं नाही. दूधवाल्याच्या मापापासून तलाठ्याच्या हसण्यापर्यंत त्यांना सगळ्यात काळंबेरं दिसतं. बैल घ्यायला गेले की दात, खूर, डोळे तपासण्यात दिवस घालवतात आणि खोट सापडल्याशिवाय सौदा करत नाहीत. बिनखोटीचा बैल म्हणजे मालकाने काहीतरी लपवलं, हे त्यांचं ठाम मत. शेजारी म्हणून मी पुष्कळदा वैतागलो आहे.

त्यांच्या लेकीला, डिंपलला, पाहायला मोहाडीचा अमर आला तेव्हा मला मुद्दाम बोलावलं होतं. इतर घरांत मुलीला प्रश्न विचारतात, इथे मुलाचीच उलटतपासणी. पोरगा गणिताची शिकवणी घेतो, व्यसन नाही, भांडणतंटा नाही. प्रत्येक उत्तरासरशी केवळरामजींच्या कपाळावर एक आठी वाढत होती. इतका धड मुलगा त्यांना पटेचना. आत डिंपल कान देऊन उभी होती.

"गणित शिकवता, तं दाखवा काही," ते म्हणाले.

अमरने पाटीवर १४२८५७ लिहिलं. "काका, ह्याले दोननं गुणा."

उत्तर आलं २८५७१४. तीनने गुणलं, तर ४२८५७१. मग चार, पाच, सहा. दर वेळी तेच सहा आकडे, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळी. मी तर चाट पडलो. केवळरामजी मात्र पाटी उचलून अंगणात जाऊन बसले. "आकडे फिरवते, तो मानसं बी फिरवन," असं जाता जाता पुटपुटले.

आमचे पोहे संपता संपता ते परत आले. आता त्यांनी साताने गुणलं होतं. पाटीवर ओळीने सगळे नऊ, ९९९९९९.

"पाहुणे, सहावरच काहून थांबले? साताले तुमचा खेळ मोडते."

"मोडतेच, काका. तुमी सात करून पाहालच, ठाऊक होतं मले."

केवळरामजींचा चेहरा सैल झाला. खोट सापडली होती आणि पोराने ती नाकारली नव्हती. त्यांनी तिथेच होकार दिला. त्यांच्या बायकोने, मंदाबाईंनी, देवापुढे साखर ठेवली.

पाहुणे फाटकाबाहेर पडले आणि आठ्या परत आल्या.

"मी सात करीन हे त्याले कसं ठाऊक? आज पयल्यांदा भेटला तो मले."

आतून बाहेर आलेल्या डिंपलकडे त्यांनी पाहिलं. तिने मान खाली घातली.

"तू वळखते का त्याले?"

"हो, बाबा. लय दिवसांपासून."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"मी चांगला म्हटलं असतं, तं तुमी त्याले दारात तरी उभं केलं असतं का?"

साऱ्या गावावर संशय घेणाऱ्या ह्या माणसाने लेकीवर कधीच घेतला नव्हता. मला त्यांची फार कीव आली. होकार त्यांनी मोडला नाही. फक्त एवढंच विचारलं, "तुले मायं भेव वाटते का, बेटा?"

"नाई, बाबा," डिंपल म्हणाली.

ती खरं बोलते की खोटं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळेना.